बारा दारं आणि गव्हाची एक पेंढी

८ मार्च

पेंढी आली. मामेभावाचा गहू कापणीला आला होता. मशीन घालायच्या आधी बांधाकडच्या दोन ओळी माझ्यासाठी विळ्यानं कापून ठेव, असं त्याला आठवडाभर आधीच बजावलं होतं. मशीनमधून निघालेलं काड चिरडलेलं असतं, या कामाला त्याचा काही उपयोग नाही. "ताई, गव्हांडा हवा तर ट्रॉली भरून देतो, एवढ्याशा पेंढीचं काय करणार?" असं म्हणत त्यानं पेंढी गाडीत ठेवली. "आणि हा अजून जरा कच्चा आहे बरं का," हेही ऐकवलं. मला तसाच हवा होता. ओंबीच्या खाली बोटभर हिरवट झाक असताना कापलेली काडी वाळली तरी चिवट राहते. पूर्ण पिकल्यावर कापली तर ठिसूळ होते आणि ओंबीतले दाणेही हात लागताच गळतात.

काम असं आहे: ३० एप्रिलला हे घर सोडायचंय. अकरा वर्षं राहिलो. इमारतीत आमच्याशिवाय बारा घरं आहेत आणि प्रत्येक दारी गव्हाच्या काड्या विणून हातानं केलेलं काहीतरी द्यायचं मी ठरवलंय. ठरवलं तेव्हा मी रात्रीच्या जेवणानंतरच्या उत्साहात होते, हेही इथे नोंदवून ठेवते.

पेंढी गॅलरीत सावलीत उभी बांधून ठेवली आहे. रोज उलटसुलट करायची.

१४ मार्च

निवडणी. पूर्ण दिवस.

गव्हाच्या ताटाला चार-पाच गाठी असतात. विणायला चालतं ते फक्त सगळ्यात वरचं पेर, म्हणजे ओंबीपासून पहिल्या गाठीपर्यंतचा पोकळ, सरळ, गुळगुळीत तुकडा. गाठीच्या बरोबर वर कात्री मारली की त्याभोवतीचं पात्याचं वेष्टन सुरकन निघून येतं आणि आतून पिवळीधमक काडी बाहेर पडते. पहिल्या पन्नास काड्या मी गाठ न कापता सोलत बसले होते. नखं गेली.

६४० ताटं मोजली. त्यातून ४१० काड्या धड निघाल्या. जाडीप्रमाणे तीन जुड्या केल्या: जाड ९६, मध्यम १९०, बारीक १२४. बाकीच्यांना डाग होते, चिरा होत्या, किंवा ओंबीशीच मोडलेल्या. खालची पेरं फेकून देणार होते, पण मुलीनं एका खोक्यात भरून ठेवली. "असू दे, लागतील." तिला काय लागणार आहे ते तिलाही माहीत नाही.

लांबी २८ ते ३३ सेंटिमीटर. कमी वाटते, पण याला कारण आहे. १९६०च्या दशकापासून जगभर पसरलेल्या गव्हाच्या जाती मुद्दाम बुटक्या केलेल्या आहेत. खत जास्त पडलं की उंच गहू ओंबीच्या भारानं लोळायचा, म्हणून जपानच्या 'नोरिन १०' या बुटक्या वाणाचा गुण नव्या जातींत आणला गेला. त्याच कामासाठी कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांना १९७० साली शांततेचं नोबेल मिळालं. पोटासाठी उत्तम झालं. विणणाऱ्यांची मात्र पंचाईत झाली. इंग्लंडमध्ये काडीचं विणकाम करणारे आणि छपरं शाकारणारे अजूनही 'मॅरिस विजन' हा १९६४ सालचा लांब ताटाचा गहू मुद्दाम पेरून घेतात. माझ्याकडे भावाच्या बांधावरचा बुटका आहे. जास्त जोड द्यावे लागणार, एवढाच त्याचा अर्थ.

१६ मार्च

भिजवून पाहिलं. कोरडी काडी वाकवली की कटकन मोडते. फार भिजली की चकाकी जाते आणि ती लिबलिबीत होते. मधली वेळ शोधायची.

दहा मिनिटं: मोडते. वीस: बारीक वाकतात, मध्यम मोडतात. कोमट पाण्यात पस्तीस मिनिटं: बारीक आणि मध्यम दोन्ही छान. जाड काड्यांना तास लागला. काड्या पाण्यावर तरंगतात, त्यामुळे वर ताटली आणि ताटलीवर खलबत्त्यातला बत्ता ठेवला.

परीक्षा अशी की काडीचा जाड शेवट चिमटीत धरून दाबायचा. आवाज न करता चपटा झाला तर तयार. 'टच्' असा बारीक आवाज आला तर परत पाण्यात. बाहेर काढल्यावर ओल्या पंचात गुंडाळून ठेवायच्या आणि लागेल तशी एकेक ओढून घ्यायची. ओंब्या पंचाबाहेर, कोरड्या.

काडीच्या अंगावर मेणाचा थर असतो आणि सालीत सिलिका असते. चकाकी त्यामुळेच येते. त्याचमुळे पाणी वरून फारसं शिरत नाही, कापलेल्या टोकांतून आत जातं. हे कळल्यापासून दोन्ही टोकं भिजवायच्या आधी ताजी छाटते. पाच-सात मिनिटं वाचतात.

१८ मार्च

तिपेडी. शाळेत असताना रोज दोन वेण्या घातल्या, तेव्हा वाटलं हे हातचंच आहे. केस आणि काडी यांत फरक असा की केस कुठेही वळतात, काडी वळताना आधी चपटी व्हावी लागते. प्रत्येक घडी अंगठ्यानं दाबून मग पुढची घ्यायची. पहिली वेणी हातातून सोडली आणि ती उलगडून पंख्यासारखी पसरली. तीन ओंब्यांच्या खाली दोऱ्याचा फास घट्ट बसला नव्हता. दोऱ्याला मेण घासल्यावर फास सरकायचा थांबला.

तिसरी वेणी बरी आली. ती ओली असतानाच गोल वळवून टोक ओंब्यांच्या मागे नेलं आणि बांधलं. फासासारखी गाठ आणि खाली तीन ओंब्या, कुसळं पसरलेली. वाळल्यावर तोच आकार कायम राहतो. ओली असताना वाकडी राहिली तर वाकडीच. पहिल्या तिपेडीचं नाक उजवीकडे आहे, ती घरी ठेवणार.

या पाच करायच्या. बारीक जुडीतल्या पंधरा काड्या लागतात, पण तिन्ही ओंब्या एकसारख्या मिळायला अर्धा तास जातो. विणायला पंधरा मिनिटं.

२१ मार्च

वाईट दिवस. काल रात्री पाव्हणे आले म्हणून मध्यम जुडीतल्या ४५ काड्या ओल्या पंचात तशाच राहिल्या. सकाळी उघडलं तर कुबट वास, आणि ओंबीच्या टोकाशी करडे ठिपके. बुरशी. धुऊन, उन्हात टाकून पाहिलं. ठिपके गेले नाहीत, काड्या निस्तेज झाल्या. दुसऱ्याला द्यायच्या वस्तूत बुरशी घालणार नाही. पंचेचाळीसच्या पंचेचाळीस गेल्या.

यापुढे एका बैठकीत संपतील एवढ्याच भिजवायच्या. उरल्या तर पंचातून काढून, पसरून, पूर्ण वाळवायच्या. दुसऱ्यांदा भिजवलं तर चालतं, तिसऱ्यांदा काडी मरगळते.

२३ मार्च

पाचपेडी गोफ. खरं काम हेच.

गोफ म्हटलं की डोळ्यांसमोर भरीव दोरी येते. हा आतून पोकळ असतो, चौकोनी मिनारासारखा पीळ घेत वर चढतो. कृती लिहून ठेवते, कारण चार दिवसांनी माझं मलाच आठवणार नाही.

पाच काड्या ओंब्यांखाली बांधायच्या. ओंब्या खाली, काड्या वर, मग काड्या बाहेर वाकवून चार दिशांना पसरायच्या. चार दिशा, पाच काड्या, म्हणजे एका दिशेला जोडी येते. जोडीतली मागची काडी उचलायची, सोबतीणीवरून आणि पुढच्या दिशेच्या काडीवरून नेऊन तिच्या पलीकडे, तिच्या शेजारी ठेवायची. आता जोडी त्या दिशेला झाली. हातातलं काम पाव वळण फिरवायचं. परत जोडीतली मागची उचलायची. संपलं. याहून जास्त काही नाही, हेच शेकडो वेळा.

आकार कुठून येतो? काडी ठेवताना तिची घडी खालच्या थराच्या जराशी बाहेर पडली तर गोफ रुंदावतो, बरोबर वर पडली तर सरळ चढतो, आत पडली तर निमुळता होतो. एवढ्या केसभर फरकावर पोट आणि कंबर दोन्ही अवलंबून. माझा पहिला गोफ एका बाजूनं गरोदर दिसतो, कारण प्रत्येक फेरीत दक्षिणेकडची घडी माझ्या नकळत जास्त बाहेर जात होती. तिथे माझा डावा अंगठा येतो. दुसऱ्या गोफाला अंगठा जरा खाली धरला.

जोड द्यायला: संपत आलेली काडी घडीच्या लगेच पुढे छाटायची. काडी ओंबीकडून बुडाकडे जाड होत जाते, म्हणून छाटलेलं टोक जाड आणि पोकळ असतं. नव्या काडीची ओंबी कापून बारीक टोक तिरकं छाटायचं आणि त्या पोकळीत सारायचं. पुढची घडी त्यावर बसली की जोड झाकला जातो. दोन जोड लागोपाठच्या काड्यांवर आले तर तिथे मिनार ढिला पडतो, म्हणून एकीला मुद्दाम आधी छाटायचं. काडी वाया जाते खरी. पण हा लोभ केला की गोफ हातात येतो तोच मोडून.

एका २० सेंटिमीटरच्या गोफाला ३४ काड्या. सरावात आणि चुकांत २० गेल्या.

३० मार्च

हिशेब. मध्यम १९० होत्या. बुरशीत ४५ गेल्या, सरावात २०, तीन गोफांत १०२. उरल्या २३. चौथ्या गोफाला अकरा कमी.

दुसरी पेंढी मिळणार नाही. भावाच्या शेतात आता नांगरट झालीय. मी विचारलं तर तो हसला, वर "आता बघ, ट्रॉलीच घ्यायला हवी होती ना" असं म्हणाला.

१ एप्रिल

चौथा गोफ असा केला: सुरुवात बारीक काड्यांनी, पोट जाड काड्यांनी, वरचा निमुळता भाग परत मध्यमांनी. वाटलं होतं ठिगळ दिसेल. उलट पोट भरदार आलं आणि वरचं टोक नाजूक. जाडी बदलली तेव्हा आकाराला वेगळं सांगावंच लागलं नाही, काड्याच आपोआप बाहेर सरकल्या. चौघांत हाच सगळ्यात देखणा आहे, आणि पहिल्यापासून असंच करायला हवं होतं हे आता कळून उपयोग नाही.

६ एप्रिल

चार गोफ, पाच तिपेड्या. अजून तीन हवेत. मुलीचं खोकं बाहेर आलं.

खालची पेरं आखूड, जाड, ओंबीविना. विणायला निरुपयोगी, पण ओवायला उत्तम. फिनलंडमध्ये काड्या दोऱ्यात ओवून छताला टांगायची हिम्मेली करतात (हे नाव आकाश या अर्थाच्या 'हिम्मेल' या स्वीडिश शब्दावरून आलं). लिथुआनियातली अशीच काड्यांची 'सोदाई' २०२३ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. दोन्हीकडे मूळ आकार एकच: बारा काड्यांचा अष्टफलक. वर एक टोक, खाली एक टोक, कमरेला चौकोन.

९ सेंटिमीटरचे बारा तुकडे, लांब सुई, एकच दोरा. मुलगी म्हणाली, "एकदा गेलेल्या काडीतून परत न जाता सगळ्यांतून जाता येईल?" मी नाही म्हणाले. तिनं कागदावर काढून दाखवलं. प्रत्येक कोपऱ्यावर चार काड्या येतात, चार ही सम संख्या आहे, म्हणून आत येणाऱ्या प्रत्येक वाटेला बाहेर जाणारी वाट असते, कुठेही अडकत नाही. कमरेचे कोपरे १, २, ३, ४ धरले तर: १, २, वर, ३, ४, वर, १, खाली, २, ३, खाली, ४, १. बाराच्या बारा काड्या, प्रत्येक एकदाच. गणितात चौऐंशी मिळाले म्हणून गेल्या महिन्यात तिला मी बोलले होते. ते मागे घेते.

फक्त दोरा एखाद्या कोपऱ्यावर दुसऱ्यांदा आला की तिथे गाठ मारायचीच, नाहीतर सगळं गळून पडतं. गाठी बसल्या की आकार उभा राहतो आणि हलत नाही. त्रिकोणांचा बनलेला असल्यानं त्याला वाकायला जागाच नाही. चौकोन असता तर कललाच असता.

काड्या कोरड्याच कापल्या तेव्हा टोकं फाटली. दहा मिनिटं भिजवून धारदार कात्रीनं कापल्यावर थांबलं. तीन अष्टफलक, एका रविवारी. त्यांतल्या मोठ्याच्या आत धाग्यानं आणखी एक छोटा टांगला. वाऱ्याची झुळूक नसतानाही तो फिरत राहतो.

१२ एप्रिल

वाळवण. गोफ उभे टांगून, तिपेड्या दोन वह्यांमध्ये दाबून. चोवीस तास पुरले असते, मी तीन दिवस ठेवले. बुरशीचा धसका अजून आहे.

व्हार्निश लावायचं का, असं आईनं फोनवर विचारलं. नाही. काडीची स्वतःची चकाकी त्याखाली मरते आणि पुढे ते पिवळट पडतं.

१५ एप्रिल

एका ओंबीतून बारीक तपकिरी किडा बाहेर आला. सोंडा. सगळं थांबवलं.

ओंबीत दाणे आहेत म्हणजे किडा आलाच. विष मारायचं नाही, लोकांच्या घरात जाणार आहे. सगळे नऊ ओंबीवाले नग पिशव्यांत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये आठवडाभर. त्यासाठी फ्रीझर रिकामा करावा लागला. घरात यावर जे बोललं गेलं ते नोंदवत नाही. बाहेर काढताना पिशवी लगेच उघडायची नाही. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर काडीवर दव धरतं आणि आपण परत बुरशीकडे.

२३ एप्रिल

पिशव्या उघडल्या. किडा दिसला नाही. दोन कुसळं मोडली, तेवढंच.

कोणाला काय, याची यादी. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना मोठा अष्टफलक: ते तासन्‌तास खिडकीशी बसतात आणि त्यांना फिरणारं काहीतरी हवं. शेजारच्या काकूंना चौथा गोफ. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, अकरा वर्षांत आमच्या घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे होती. तळमजल्यावर लहान मूल आहे, तिथे ओंबी नको. कुसळ घशात किंवा डोळ्यात गेलं तर वाईट, म्हणून अष्टफलक, उंच टांगायचा. वरच्या मजल्यावरच्या जोडप्याशी दोन वर्षं पार्किंगवरून बोलणं बंद आहे. तिपेडी.

चिठ्ठीत दोनच वाक्यं लिहिली: कडक उन्हात टांगू नये, रंग उडतो. ओल्या फडक्यानं पुसू नये, कोरड्या ब्रशनं झटकावं.

२९ एप्रिल

वाटून आले. दोन तास लागतील वाटलं होतं, साडेचार लागले. सगळ्यांनी बसवलं.

आजोबांनी अष्टफलक हातात घेऊन बाहेरची प्रत्येक काडी मोजली. "बारा," म्हणाले, आणि परत मोजली. तिसऱ्या मजल्यावर विचारलं, "हे खायचं असतं का काही दिवसांनी?" एका घरी गोफ मी समोर असतानाच उलटा टांगला गेला, ओंब्या वर, टोक खाली. सांगणार होते, पण तसाही बरा दिसत होता. वरच्या मजल्यावर दार उघडलं त्यांनी, तिपेडी घेतली, "या ना आत," म्हणाल्या. गेले. पार्किंगचा विषय कोणी काढला नाही.

काकूंनी गोफ दाराबाहेर, कडीच्या वरच्या खिळ्याला लावला. "येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे."

११ मे

नव्या घरी खोकी अजून अर्धी बांधलेलीच आहेत. सकाळी काकूंचा फोटो आला. गोफ जागच्या जागी आहे, पण पाचांपैकी चार ओंब्या पार पोखरलेल्या, खाली पायरीवर टरफलं आणि कुसळांचा सडा. मला वाटलं सोंडे. फ्रीझर, आठवडा, सगळं फुकट गेलं.

फोन केला. "किडाबिडा काही नाही गं," काकू म्हणाल्या. "चिमणी. सकाळी सहाला येते, त्या गोफालाच उलटी लटकते आणि एकेक दाणा काढते. मी दार उघडत नाही तोवर." जरा थांबून त्यांनी विचारलं, "तुझ्याकडे ओंब्या उरल्यात का? नुसत्या दोऱ्यानं बांधल्या तरी चालतील."

जोड देताना कापलेल्या ओंब्यांचा डबा शोधला. तिसऱ्या खोक्यात, भांड्यांखाली. सतरा आहेत.